दारापुढचा पितळी दगड : डच प्रतिकार चळवळीतल्या माणसाचं स्मारक रस्त्यावर कसं उभं करावं

हार्लेमच्या उत्तर भागात यान खायझन नावाचा पूल आहे. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, १२ फेब्रुवारी १९४५ रोजी, या पुलाजवळ जर्मनांनी वालरावेन व्हान हालला इतर कैद्यांसोबत गोळ्या घातल्या. हा आम्सटरडॅमचा बँकवाला. लपून राहिलेल्यांना, संपकरी रेल्वे कामगारांना आणि अटकेत असलेल्यांच्या घरच्यांना पैसे पोचवण्याची सगळी गुप्त व्यवस्था त्याने उभी केली होती. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने, २१ मार्चला, त्याच भागातल्या तपासणी नाक्यावर प्रतिकार चळवळीतली लाल केसांची हानी स्खाफ्त पकडली गेली. या दोघांची आठवण हॉलंडने जपली आहे. आम्सटरडॅमला डच मध्यवर्ती बँकेसमोर व्हान हालच्या नावाने ब्राँझचा आडवा पडलेला वृक्ष आहे. हार्लेमच्या केनाऊ पार्कात हानीसाठी शिल्प आहे, आणि ते तिची सहकारी ट्रूस ओव्हरस्टेखन हिने स्वतः घडवलं आहे.

आमच्या गल्लीतल्या माणसाचं मात्र काहीच नव्हतं. बेकायदा वर्तमानपत्रं सायकलवरून वाटणारा तो एक कामगार होता. समोरच्या आजींनी एकदा कॉफी पिताना सहज म्हटलं, "तुम्ही राहता ना, त्याच्या दोन घरं पलीकडून त्याला नेला." त्यांच्या या एका वाक्यानंतर त्याच्या दारासमोर दगड बसेपर्यंत आम्हा शेजाऱ्यांना दोन वर्षं लागली. हॉलंडमध्ये आता मराठी घरं बरीच झाली आहेत आणि अनेक जण युद्धाआधी बांधलेल्या घरांत राहतात. कुणाला असं काम हाती घ्यायचं असेल तर ते कसं करावं, कुठे अडतं आणि कुठे थांबावं, ते इथे लिहिते.

कुठल्या प्रकारचं स्मारक?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो 'स्टॉल्परस्टाईन'. डच भाषेत त्याला स्ट्राउकलस्टेन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. १९९२ मध्ये गुंटर डेमनिग या जर्मन कलाकाराने कोलोनमध्ये ही कल्पना सुरू केली. साधारण दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा असतो, त्याच्या माथ्यावर पितळी पत्रा आणि पत्र्यावर एकेक अक्षर हाताने ठोकलेलं. तो फरसबंदीत जमिनीच्या पातळीला बसवतात, त्यामुळे पायाला ठेच लागत नाही. वाचायचं तर वाकावं लागतं. नेदरलँड्समधला पहिला दगड २००७ मध्ये बोर्ने या गावात बसला. २०२३ च्या मे महिन्यात न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसवला गेला.

हे दगड फक्त ज्यूंसाठी असतात असा समज आहे. तसं नाही. नाझींनी ज्यांचा छळ केला त्या सगळ्यांसाठी ते आहेत: ज्यू, रोमा आणि सिंती, समलिंगी, यहोवाचे साक्षीदार, अपंग आणि प्रतिकार करणारेही. तुमच्या मनातल्या माणसाला अटक, तुरुंगवास, छावणी किंवा मृत्यू भोगावा लागला असेल तर तो यात बसतो. पण युद्धभर काम करून, कधीही न पकडला जाता, १९७८ मध्ये अंथरुणात शांतपणे गेलेल्या माणसासाठी हा दगड नाही. त्याच्यासाठी घराच्या भिंतीवरची पाटी योग्य. तिला घरमालकाची परवानगी लागते, फ्लॅट असेल तर मालकसंघाची, आणि इमारत संरक्षित वारसा असेल तर नगरपालिकेचीही.

रस्त्याला नाव देण्याचा मार्ग सर्वांत लांबचा. तो अधिकार नगरपालिकेचा असतो आणि जुनं नाव बदलायला पालिका सहसा नाखूश असते, म्हणून प्रस्ताव नव्या वस्तीसाठी द्यावा. आम्सटरडॅमची ऑयटर्पेस्त्रात मोठा अपवाद ठरली. तिथे जर्मन गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं. युद्धानंतर त्या रस्त्याला खेरित व्हान डर व्हेन या शिल्पकाराचं नाव मिळालं. १९४३ मध्ये शहराच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावरचा हल्ला घडवणाऱ्यांपैकी तो एक, आणि जून १९४४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. मधला एक सोपा उपायही आहे. रस्त्याला आधीच कुणा प्रतिकारकाचं नाव असेल आणि तो कोण हे कुणाला माहीत नसेल, तर नामफलकाखाली छोटी खुलासा-पट्टी मागता येते. तिला खर्च कमी आणि विरोध जवळजवळ शून्य.

पुढचं सगळं मी दगडाबद्दल लिहिते, कारण मला अनुभव त्याचाच आहे.

आधी घरचे, मग कागद

मी इथेच चुकले. आधी कागदपत्रं जमवली आणि वर्षभराने नातलग शोधायला निघाले. उलट करायला हवं होतं. ज्याच्या आजोबांचं नाव तुम्ही रस्त्यावर लिहिणार आहात, त्याला ही बातमी तयार मजकुरासकट मिळणं बरं नाही. कुटुंबाने नको म्हटलं तर काम तिथेच थांबवावं. काही घरांत त्या माणसाच्या प्रतिकाराची किंमत मुलांनी मोजलेली असते: बाप गेला, आई खचली, आणि घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्यांच्या नकाराचा मान ठेवावा.

नातलग सापडवायचे तर डेल्फर या डच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मोफत संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं शोधा. १९४५-४६ च्या मृत्युवार्तांत पत्नी, मुलं, भावंडं आणि गावांची नावं असतात. स्थानिक इतिहास मंडळाची मदत तर घ्यावीच. त्यातल्या ज्येष्ठ मंडळींना कोण कुणाचं कोण, हे तोंडपाठ असतं. पहिला संपर्क पत्राने करा, फोनने नको. दोन परिच्छेदांत तुम्ही कोण, कुठे राहता, काय करावंसं वाटतं आणि 'नाही' म्हणायला पूर्ण मोकळीक आहे, एवढं लिहा.

तुम्ही परके आहात याचा संकोच बाळगू नका. मला होता. त्या माणसाच्या नातीने पहिल्या भेटीत विचारलं की भारतातून आलेल्या बाईंना यात का रस. मी म्हटलं, मी त्याच गल्लीत राहते. तिला तेवढं पुरलं.

कागदांचा माग

सगळ्या कामाचा गाभा हा. दगडावर मावतात जेमतेम सहा-सात ओळी, पण त्यातली प्रत्येक तारीख कागदाने सिद्ध झालेली हवी. पितळावर ठोकलेली चूक खोडता येत नाही.

सुरुवात नागरी नोंदींपासून करा. डच कायद्यानुसार जन्माची नोंद १०० वर्षांनी, विवाहाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी सर्वांना खुली होते. म्हणजे युद्धातल्या सगळ्या मृत्युनोंदी आता पाहता येतात. स्त्री शोधत असाल तर माहेरच्या आडनावाने शोधा, कारण डच नोंदणीत स्त्री आयुष्यभर त्याच नावाने असते. नवऱ्याच्या आडनावाने शोधत बसलात तर ती सापडणारच नाही.

छावणीत मेलेल्या माणसाची मृत्युनोंद १९४४ किंवा १९४५ च्या वहीत नसते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत त्यांच्यासाठी १९४९ मध्ये खास कायदा झाला आणि नोंदी त्यानंतर, माणसाच्या शेवटच्या राहत्या गावी झाल्या. म्हणून १९४९ पासून पुढच्या वह्या चाळा. त्यातली मृत्यूची तारीख पुष्कळदा अंदाजाने ठरवलेली असते. महिन्याची अखेरची तारीख दिसली की सावध व्हा आणि दुसरा पुरावा शोधा.

तो दुसरा पुरावा बहुधा जर्मनीत बाड आरोल्सन इथल्या आरोल्सन अर्काइव्ह्जमध्ये मिळतो. नाझी छळाच्या सुमारे पावणेदोन कोटी बळींची माहिती तिथे आहे. कैद्यांची कार्डं, वाहतुकीच्या याद्या, रुग्णालयाच्या वह्या यांतलं बरंच घरबसल्या पाहता येतं. काही कैद्यांची घड्याळं, अंगठ्या, पाकिटं अजून तिथे जपून ठेवली आहेत आणि संस्था त्यांचे वारस शोधते. शोधताना नावापेक्षा जन्मतारखेवर भर द्या. जर्मन कारकुनांनी डच नावांचे हाल केले आहेत, आणि प्रतिकारातली माणसं कधीकधी खोट्या ओळखपत्रावरच्या नावानेच पकडली गेली. जन्मतारीख मात्र बऱ्याचदा खरी निघते.

डच युद्धकबरींची काळजी घेणाऱ्या संस्थेकडे सुमारे १ लाख ८० हजार युद्धबळींची यादी आहे. हेगच्या संसद भवनात 'मृतांची सन्मानयादी' आहे. प्रतिकारक आणि सैनिक मिळून सुमारे १८ हजार नावं, आणि त्या पुस्तकाचं पान रोज उलटलं जातं. तुमचा माणूस त्यात असेल तर पालिकेपुढे तो भक्कम आधार. नसला तरी खचू नका. यादीत नसणं म्हणजे त्याने काही केलं नाही, असं होत नाही. बातमी पोचवणाऱ्या पोरी, रेशनकार्डं शिवणीत दडवून नेणाऱ्या बायका, पोटमाळ्यावर माणसं लपवणारी शेतकरी कुटुंबं या याद्यांत कमी भेटतात.

संघटनांचे कागद आम्सटरडॅमला हेरेनखराख्ट कालव्यावरच्या निऑड या युद्धविषयक संस्थेत आहेत. देश मुक्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, ८ मे १९४५ रोजी ती स्थापन झाली. आमच्यासाठी हार्लेमचं नोर्द-होलंड अभिलेखागार जास्त उपयोगी ठरलं, कारण स्थानिक पोलिसांच्या रोजच्या नोंदी आणि घर-पत्त्यांची कार्डं तिथे मिळतात.

आणखी एक दार २०२५ च्या जानेवारीपासून उघडलं आहे: हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले, जर्मनांना साथ दिल्याच्या संशयावरून झालेल्या चौकश्यांचे दस्तऐवज. जवळजवळ चार किलोमीटर लांबीची कपाटं आणि सव्वाचार लाख नावं. तुमच्या माणसाला कुणी पकडून दिलं हे माहीत असेल, तर त्या पकडून देणाऱ्याच्या फायलीत अटकेच्या दिवसाची साक्ष मिळू शकते. वेळ ठरवून वाचनकक्षात जावं लागतं. पण तिथे वाचलेलं नाव तुमच्या भाषणात, पत्रकात किंवा शेजारच्या गप्पांत येता कामा नये. त्याची नातवंडं याच शहरात राहत असतील आणि त्यांनी काहीही केलेलं नाही.

आमच्या बाबतीत या कागदांनी मोठी चूक टाळली. कुटुंबात आणि गल्लीत सगळे सांगत होते की त्याला ओव्हरव्हेनच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घातल्या. हार्लेमकरांच्या मनात प्रतिकारकाचा शेवट तसाच असतो. तिथल्या सन्मान-दफनभूमीत ३७२ जण आहेत आणि त्यांत हानी स्खाफ्त ही एकटी स्त्री. पण आरोल्सनचं कार्ड आलं आणि कळलं की तो हँबर्गजवळच्या नॉयएनगामे छावणीत मेला, आजाराने, नावापुढे क्रमांक घेऊन. नात बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली की आजी आयुष्यभर दर मे महिन्यात टेकड्यांवर फुलं ठेवायला जायची. आजीला कुणी खोटं सांगितलं, का तिनेच तसं मानून घेतलं, हे आता कळायचं नाही. दगडावर आम्ही नॉयएनगामे लिहिलं.

पत्ता

नियम असा की दगड माणसाच्या शेवटच्या, स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या घरासमोर बसतो. लपायला घेतलेली खोली किंवा अटक झाली ती जागा चालत नाही. प्रतिकारकांच्या बाबतीत गोंधळ होतो तो इथेच, कारण शेवटचं वर्ष ते आठ-दहा पत्त्यांवर काढतात. हानी स्खाफ्तचंच पाहा. आम्सटरडॅमला कायद्याचं शिक्षण घेत होती, १९४३ मध्ये जर्मनांनी मागितलेल्या निष्ठापत्रावर सही नाकारली आणि हार्लेमला आई-वडिलांकडे परतली. पुढे ती कुठेकुठे झोपली याची लांबलचक यादी होईल. या नियमाने तिचं घर ठरेल ते आई-वडिलांचं.

घर क्रमांकाची खात्री स्वतंत्रपणे करा. डच शहरांत कित्येक रस्त्यांचे क्रमांक नंतर बदलले आहेत, काही रस्त्यांची नावंही. जुन्या-नव्या क्रमांकांचे तक्ते अभिलेखागारात मागा आणि जुन्या फोटोतल्या खिडक्या, पायऱ्या जुळवून पाहा. आम्ही आधी चक्क चुकीच्या दारासमोर उभे राहून मापं घेतली होती.

परवानगी, पैसा, वाट पाहणं

फुटपाथ नगरपालिकेचा, म्हणून लेखी परवानगी तिचीच. बऱ्याच शहरांत दगडांचं काम पाहणारी स्थानिक समिती असते. आधी तिला विचारा, कारण एका माणसाला एकच दगड असतो आणि दुसऱ्या कुणी अर्ज आधीच दिलेला असू शकतो. समिती नसेल तर पालिकेला पत्र आणि डेमनिग यांच्या प्रतिष्ठानाकडे नोंदणी, दोन्ही तुम्हीच करा. अर्जाबरोबर माणसाची एक पानी हकिकत, पुराव्यांच्या प्रती, पत्ता, कुटुंबाची संमती आणि जागेचा फोटो जोडा.

सध्या त्या घरात राहणाऱ्यांची कायदेशीर परवानगी लागत नाही. तरीही दार वाजवून, बसून बोला. रोज सकाळी तो दगड ओलांडणार आहेत ते.

एका दगडाचा खर्च साधारण शंभर-दीडशे युरोंच्या घरात असतो, वर कार्यक्रमाचा किरकोळ खर्च. आम्ही गल्लीत वर्गणी काढली आणि एकानेच सगळे पैसे देऊ नयेत असं ठरवलं. पाच युरो दिलेला माणूसही पुढे दगडाकडे आपला म्हणून पाहतो. अक्षरं अजूनही हाताने ठोकली जातात, त्यामुळे महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

मजकूर

सरावासाठी मी हानीच्या नावाने एक नमुना लिहून पाहिला होता. मराठीत तो असा होईल:

इथे राहत होती
यानेत्ये योहाना स्खाफ्त
जन्म १९२०
प्रतिकारात
अटक २१.३.१९४५
गोळ्या घालून ठार
१७.४.१९४५ ओव्हरव्हेन

'हानी' हे तिचं चळवळीतलं नाव. जन्मनाव द्यायचं, टोपणनाव द्यायचं की दोन्ही, हे कुटुंबाने ठरवावं. 'शूर', 'थोर', 'हुतात्मा' असे शब्द या दगडांवर नसतात आणि नसलेलेच बरे. 'मेला' आणि 'ठार मारला' यांतला फरक मात्र जपा. छावणीत उपाशी ठेवून, आजारी पाडून मारलेल्या माणसाबद्दल नुसतं 'निधन' लिहिणं म्हणजे मारणाऱ्यांची सोय करणं. मजकुराची शेवटची भाषा प्रतिष्ठान ठरवतं, पण तुमचं म्हणणं ऐकलं जातं. मजकूर पितळावर जाण्याआधी तिघांनी वेगवेगळं बसून तारखा मूळ कागदांशी ताडा.

त्याची राजकीय मतं धुऊन काढू नका. डच प्रतिकारात कट्टर प्रोटेस्टंट होते, कॅथॉलिक होते, समाजवादी आणि कम्युनिस्टही होते. युद्धानंतर कम्युनिस्ट प्रतिकारकांना बाजूला सारलं गेलं. १९५१ मध्ये हानी स्खाफ्तच्या स्मरणासाठी निघणाऱ्या मिरवणुकीला सरकारनेच बंदी घातली होती. आमचा माणूस 'दे वारहाइट' हे कम्युनिस्ट पत्र वाटायचा. एका शेजाऱ्याला ते पत्रकात नको होतं. नातीला हवं होतं, आणि ते राहिलं.

नाव पायाखाली?

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो हलका समजू नये. म्यूनिक शहराने सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवायला याच कारणासाठी नकार दिला आहे. ज्यू समाजातल्या काहींना बळींच्या नावांवर पुन्हा पाय पडणं असह्य वाटलं, म्हणून तिथे २०१८ पासून भिंतीवरच्या पाट्या आणि खांब लावले जातात. वहीला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे मलाही आधी कसंसंच झालं. मग पंढरपूरची नामदेवाची पायरी आठवली. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वारातली पायरी मागून घेतली, आणि आज कुणी तिच्यावर पाय देत नाही, माथा टेकतात. हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग घाल की. पण हा माझ्या मनाचा निवाडा. कुटुंबाला पाय लागणं नको असेल तर भिंतीवरची पाटी लावा, वाद घालू नका.

बसवण्याचा दिवस

हल्ली बहुतेक ठिकाणी दगड पालिकेचे फरसबंदी कामगार बसवतात. एक लादी काढतात, दगड ठेवतात, भोवती वाळू-सिमेंट भरून समतल करतात. अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात भाषणं कमी ठेवा: हकिकत पाच मिनिटं, कुटुंबातलं कुणी बोलणार असेल तर ते, एक मिनिट शांतता, फुलं. आधीच्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक पत्रपेटीत चिठ्ठी टाका आणि त्या दिवशी दारासमोर गाडी लावू नका असं त्यात लिहा. वयस्कर नातलगांसाठी खुर्च्या ठेवा. पाऊस येणार असं धरूनच चाला.

४ मे हा डच स्मरणदिन. संध्याकाळी आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं थांबतो. पण दगड बसवायला तो दिवस मागू नका, त्या दिवशी पालिकेची माणसं शहरभर गुंतलेली असतात. आधी बसवा आणि ४ मेला शेजाऱ्यांसोबत तिथे उभे राहा.

नंतरची निगा

पितळ वर्षभरात काळवंडतं. वर्षातून दोनदा, ४ मेच्या आधी आणि नोव्हेंबरात, घासा. चिंच-मिठाने पितळ लखलखतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण आंबट पाणी सिमेंटच्या सांध्यांना खातं. साधं धातूचं पॉलिश आणि मऊ फडकं वापरा, तारेची घासणी मुळीच नको. जवळच्या प्राथमिक शाळेला विचारा. इथे मुलांनी स्मारक दत्तक घेण्याची पद्धत जुनी आहे, आणि मुलं घासता घासता प्रश्न विचारतात.

शेवटचं काम बसवण्याच्या दिवशीच करून टाका. दगडाचा फोटो काढा, दाराच्या चौकटीपासून आणि फुटपाथच्या कडेपासून त्याचं अंतर मोजून लिहा, आणि तो कागद पालिकेच्या रस्ते विभागाला, समितीला आणि दोन शेजाऱ्यांना द्या. आमच्याकडे पुढच्याच वर्षी इंटरनेटच्या केबलसाठी सगळी फरसबंदी उखडली. संध्याकाळी घरी आले तर दारासमोर नुसती वाळू. समोरच्या आजींनी कामगारांकडून दगड मागून घेतला होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. तिसऱ्या दिवशी लाद्या परत बसल्या तेव्हा त्या मापांचा कागद घेऊन कामगाराच्या शेजारी उभ्या होत्या, आणि एक सेंटिमीटर डावीकडे, म्हणून त्यांनी त्याला दोनदा दगड काढायला लावला.